बाबांना न केलेला नमस्कार

अमेरिकेत, सांता क्लारात, पाठ आखडायला लागली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. सकाळी तासभर अंग लाकडासारखं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, मणक्याच्या सांध्यांना सूज आहे, कमी-जास्त होत राहील, पण पूर्ण जायची नाही. पत्रात मी बाबांना यातलं काही कळवलं नाही. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. म्हटलं, त्यांच्या जिवाला आणखी घोर कशाला! शुद्ध गाढवपणा, दुसरं काय.

मग बाबाच आले, दोन महिन्यांसाठी. एअरपोर्टवर मी त्यांची बॅग घेतली, पण वाकून नमस्कार केला नाही. वाकता येतच नव्हतं. बाबा क्षणभर पाय जुळवून उभे राहिले, मग चालू लागले.

शनिवारी ओळखीच्या काका-काकूंकडे जेवायला गेलो. त्यांची इथंच जन्मलेली, इंग्लिशमध्ये बोलणारी मुलंसुद्धा बाबांच्या पाया पडली. बाबा हसत म्हणाले, "शाब्बास! नाहीतर आमचे चिरंजीव. इंजिनिअर झाले आणि वाकायचं विसरले." सगळे हसले, मीही हसलो. परत येताना गाडीत सांगून टाकायचं की नाही? पण मलाच राग आला होता. बाप ना आपला, एवढं कळू नये? मी सांगणार काही नाही, आणि त्यांनी मात्र ओळखायचं! तीन आठवडे आम्ही कामापुरतंच बोललो. दोघंही एकाच मातीचे, हट्टी.

एका सकाळी माझ्या खोलीचं दार उघडं राहिलं. तारेचा हँगर वाकवून त्याच्या आकड्यानं मी पायमोजा वर ओढत होतो. रोजचंच होतं ते. बाबा चहाला बोलवायला आले आणि दारातच थांबले.

"हे काय चाललंय?"

सगळं सांगितलं.

"अरे, मग मी चारचौघांत वाट्टेल ते बोललो आणि तू ऐकून घेतलंस? तोंड नव्हतं का तुला?" माझ्या हातातला हँगर ओढून घेत ते खाली बसले आणि स्वतःच मोजा चढवू लागले. मी पाय मागे घेतला. बापानं पायाला हात लावायचा म्हणजे काय!

"गप बस," ते ओरडले.

दुसरा मोजा घालताना त्यांनी विचारलं, "किती दिवस राहतं हे?"

"जन्मभर, बाबा."

त्यांचे हात थांबले.

"मला अडुसष्टावं लागलंय रे," ते म्हणाले. "मी किती दिवस पुरणार तुला?"