देवरे काकांची चार वाजताची शर्यत

साडेतीन वाजले होते. स्क्रीनवर देवरे काकांची लाल गाडी पहिल्याच वळणावर गचके खात होती आणि मी त्यांच्या घरी, त्यांच्या मागे खुर्ची ओढून बसले होते. चार वाजता शर्यत होती. आदल्या दिवशी माझ्या दुकानात हीच गाडी सुसाट पळाली होती.

"मॅडम, झालंय म्हणालात ना तुम्ही?" काकांनी अगदी नम्रपणे विचारलं. त्या नम्रपणानेच माझं डोकं जास्त फिरलं.

नाशिक रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. अजूनही नवीन गिऱ्हाईक आत येतं आणि मलाच विचारतं, "मालक कुठे गेलेत?" मी सांगते, "समोर बसलेत." देवरे काकांनी तसं काही विचारलं नाही. ते मूळचे सटाण्याकडचे, इथल्या नोटा छापायच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले. जुन्या चादरीत बांधलेलं कॅबिनेट त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि थेट मुद्द्यावर आले.

त्यांची नात अनन्या हैदराबादला असते. वय वर्षं अकरा. दर शनिवारी चार वाजता दोघं ऑनलाइन गाड्यांची शर्यत लावतात. काकांची गाडी इतकी अडखळायची, की नात शर्यत संपवून यांची वाट बघत बसायची. शेवटी मागच्या शनिवारी ती म्हणाली, "आबा, पुढच्या वेळेपासून मी मैत्रिणींबरोबर खेळते. तुम्ही नुसतं बघा."

"मला बघायचं नाही, मॅडम. खेळायचंय," काका म्हणाले आणि उगाच शोकेसमधले माउस न्याहाळायला लागले. मला फार वाईट वाटलं. "नवीन कार्ड टाकायचं का?" त्यांनी विचारलं.

"काही गरज नाही. आहे तेच पळवते." हे मी जरा जास्तच ऐटीत म्हणाले.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्रकार. गेममधली चित्रं तो भराभर काढतो. एका सेकंदात किती काढली, त्याला आम्ही फ्रेम्स म्हणतो. पन्नास-साठ निघाल्या तर गाडी सुळकन जाते, पंधरा-वीसवर आल्या की गचके. काकांचं कार्ड दहा वर्षांचं म्हातारं होतं. म्हाताऱ्याकडून काम करून घ्यायचं तर त्याचं ओझं कमी करायचं, एवढीच युक्ती. मी पंख्यातली धूळ काढली. उष्णता बाहेर जावी म्हणून चिपवर पेस्ट लावलेली असते, ती वाळून खडखडीत झाली होती, नवी लावली. ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला चालवणारं सॉफ्टवेअर, नवा टाकला. मग गेमच्या सेटिंगमध्ये शिरले. सावल्या बंद, गवत कमी, रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, एक पायरी खाली. शर्यतीत झाडाची सावली बघायला वेळ कुणाला असतो? वीस फ्रेम्सच्या पंचावन्न झाल्या.

शेवटी, नेहमीप्रमाणे, कॅबिनेटच्या मागे वॉरंटीचा स्टिकर चिकटवला आणि त्यावर सही ठोकली. तो फाटलेला दिसला की आम्ही धरतो, दुसऱ्या कुणीतरी आत हात घातला.

निघताना काकांनी विचारलं होतं, "वायरी कशा लावू?"

"जी जिथे बसेल तिथे लावा काका. चुकीच्या जागी वायर बसतच नाही."

आणि आता ही गाडी. पंधरा फ्रेम्स!

आधी मी काकूंनी कॅबिनेटला शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हरवर संशय घेतला. काढलं. काही फरक नाही. मग इंटरनेटला दोष दिला. ते बंद करून काकांना एकट्यालाच गाडी चालवायला लावली. तेच गचके. काकू दारात येऊन अहिराणीत म्हणाल्या, "काय व्हयनं? गाडी बंद शे का?" पावणेचार झाले होते.

मग जे सगळ्यात आधी बघायचं ते मी सगळ्यात शेवटी बघितलं. कार्डावर भार किती? शून्य. चित्रकार आरामात झोपला होता. चित्रं काढत होती मदरबोर्डवरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावरची जुजबी सोय, जी पत्रं टाइप करण्यापुरती ठीक असते. मॉनिटरची वायर कार्डाला न लावता मदरबोर्डला लावली की असं होतं.

मी वाकून मागे बघितलं. वायर मदरबोर्डलाच होती.

"काका, ही वरच्या जागी का लावलीत? खाली कार्डावर अगदी तश्शीच जागा आहे की!"

"आहे ना. पण तिच्यावर सील आहे."

मी मोबाइलचा टॉर्च लावला. माझाच स्टिकर. माझीच सही. कार्डाच्या बरोब्बर त्याच तोंडावर मी तो आडवा चिकटवला होता.

"मग काढायचा ना!"

काका ताठ झाले. "मॅडम, छत्तीस वर्षं प्रेसमध्ये काढली. सील असं एकट्याने तोडायचं नसतं. ज्याचं आहे त्याने तोडायचं, साक्षीदार ठेवून. आणि तुम्हीच म्हणालात, बसेल तिथे लावा. वरती बसली."

मी स्टिकरला नख लावणार, तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा." त्यांनी काकूंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. मग मी माझं सील तोडलं. त्याच्या मागे कागद लावून काकांनी माझी आणि काकूंची सही घेतली. चारला पाच मिनिटं कमी असताना!

वायर कार्डाला लावली. पंचावन्न फ्रेम्स.

स्पीकरमधून अनन्याचा आवाज आला, "आबा, तुम्ही बघताय ना?"

"नाही. खेळतोय," काका म्हणाले.

पहिल्या वळणावर ते मागे होते, तिसऱ्यावर तिच्या शेजारी. नात किंचाळली. काकूही किंचाळल्या. मी दुरुस्तीला आलेली बाई, पण "काका, ब्रेक!" म्हणून मीही ओरडले. शेवटी अनन्याच जिंकली, पण एका गाडीच्या अंतराने.

मग ती म्हणाली, "आबा, परत एकदा. मैत्रिणींना मी सांगते, आज नाही जमणार."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि माउस धरला. मी निघते म्हणाले, ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

तेव्हापासून मी स्टिकर फक्त बाजूच्या स्क्रूवर लावते आणि वायरी कशा लावायच्या हे कागदावर काढून देते. माझं फाटकं सील काकांच्या कपाटात पाकिटात आहे. दोन सह्यांसकट.