दुसऱ्या शेगडीचा गुन्हा

नगरपालिकेच्या सभांचं इतिवृत्त मी सोळा वर्षं लिहितोय. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच काम. ते मी इमानेइतबारे केलं आणि त्यापायी एका बाईचं घर गेलं.

तिला सगळे सिस्टर म्हणत. ती सरकारी दवाखान्यात नर्स. दवाखान्यामागे बंगल्यांची वसाहत आहे. तिथल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली आई राहायच्या. दुपारच्या सुट्टीत सिस्टर धावत घरी यायची, आईला भरवायची, कुशीवर वळवायची आणि पुन्हा वॉर्डात हजर. खोली लांब असती तर हे जमलंच नसतं. वर वसाहतीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं तीच द्यायची, एक पैसा न घेता.

वसाहतीसाठी नगरपालिकेचा नियम असा की एका प्लॉटवर एकच घर. आणि घरं मोजायची स्वयंपाकघरांवरून! दुसरी शेगडी दिसली की ते दुसरं घर, म्हणजे बेकायदा. तपासनीस आला की सिस्टर शेगडी पलंगाखाली सरकवून चादर खाली ओढायची. त्यालाही ते ठाऊक होतं. त्याच्या सासऱ्यांनाही इंजेक्शन तीच द्यायची ना.

मग नियम बदलायचा प्रस्ताव आला. मागच्या खोल्यांना मान्यता, लहान स्वस्त घरांना परवानगी. वसाहतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुनावणीत एकामागून एक उठले. गाड्या कुठे लावायच्या? वसाहतीचं वळण बिघडणार! "कसली कसली माणसं येऊन राहतील," असं म्हणणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या दंडावर सिस्टरने सकाळीच लावलेला कापूस तसाच होता.

सिस्टर युनिफॉर्मवरच आली होती. बोलणाऱ्याने आधी पत्ता सांगायचा असतो, तिने तोही सांगितला.

"कसली माणसं म्हणजे मीच की," ती म्हणाली. "सहा वर्षं राहतेय तुमच्यात. मागच्या खोलीत स्वयंपाक करते, शेगडी पलंगाखाली लपवते. कुणाचं काय बिघडलं?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण टाळ्या कारकुनाचं काम नव्हे, म्हणून मी लिहीत सुटलो. अध्यक्ष वाकून हळूच म्हणाले, "अहो, थोडक्यात घ्या तिचं." मला वाटलं, गरिबाचा आवाज दाबतायत. मी हट्टाने शब्द न् शब्द लिहिला, पत्त्यासकट. ते तिला वाचवू बघत होते, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

आठवड्याभरात मुख्याध्यापकांनी इतिवृत्ताची प्रत मागवली आणि तक्रार केली. आता सगळं कागदावर होतं, तपासनिसाला डोळे मिटता येईनात. घरमालकाला नोटीस गेली. "सिस्टर, माझा नाइलाज आहे," म्हणून त्याने हात झटकले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

दवाखान्याजवळ तिला परवडणारी दुसरी खोली नव्हती. असणार कुठून? तसा नियमच होता. तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागे अशी जागा मिळाली. दिवसभर आईकडे बघायला कोणी नाही, म्हणून आईला वृद्धांच्या एका संस्थेत ठेवलं. तिथे वेळेवर कुशीवर वळवणारं कोण? पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. दोन महिन्यांत म्हातारी गेली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी प्रस्ताव मंजूर झाला. वरातीमागून घोडं. नव्या नियमाखाली पहिला अर्ज आला तो मुख्याध्यापकांचा. गॅरेजची खोली करून भाड्याने द्यायची होती त्यांना. त्या अर्जाची पोचपावती मीच लिहिली.

सिस्टरला भेटायला मी दवाखान्यात गेलो. म्हटलं, "सिस्टर, मी तेव्हा थोडक्यात लिहायला हवं होतं."

ती ट्रेमध्ये सुया मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "नोटिशीला तुमचं ते पान जोडलं होतं. आई सारखी विचारायची, कागद कसला आहे. मग मी ते पान वाचून दाखवलं तिला. तिला वाटलं, लेकीचं बोलणं शब्द न् शब्द सरकारी कागदावर उतरवलंय, म्हणजे मोठ्या सभेत माझं कौतुकच झालंय. खूश होती हो ती शेवटपर्यंत."