गेममध्ये अकस्मात मृत्यू नसतो

कोपरीच्या चाळीतलं ते प्रकरण मिटून बरीच वर्षं झाली, पण माझ्या डोक्यातून ते काही हलत नाही. गेल्या महिन्यात तर एका व्हिडिओ गेमनं ते पुरतं उकरून काढलं आणि तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली आहे.

डोंबिवलीला आमच्या शेजारी एक मुलगी राहते. एका वेबसाइटसाठी ती गेमची परीक्षणं लिहिते. "काका, इंग्रजांच्या काळातल्या मुंबईतला डिटेक्टिव्ह गेम आहे. खेळून बघा ना. खरे पोलीस असंच करतात का, तेवढं सांगा," म्हणाली. निवृत्त माणसाला नाही म्हणायला कारण लागतं, ते मला सुचलं नाही.

आधी चांगलं सांगतो. गेम करणाऱ्यांनी मेहनत घेतली आहे. ट्राम, घोडागाड्या, गॅसचे दिवे, इन्स्पेक्टरची हॅट, सगळं झकास. पुराव्याशिवाय कुणावर आरोप करता येत नाही, घाई केलीत की वरिष्ठ झापतो, हे तर मला फारच आवडलं. आमच्या खात्यात नव्या पोरांच्या हे गळी उतरवता उतरवता नाकी नऊ यायचे. जबाब घेताना समोरच्याचा चेहरा बारकाईनं बघायचा आणि मग तीन बटणांपैकी एक दाबायचं: खरं, शंका, खोटं. तिथवर मी खूश होतो.

मग एका खोलीत म्हातारा मरून पडलेला दिसला. खुर्ची आडवी, पेला उपडा, रक्ताचा डाग जसाच्या तसा. सगळं माझी वाट बघत थांबलेलं. मी वैतागलो. "अगं, या घरात माणसं राहतात की नाही? मयताच्या घरी लोक यायच्या आधी आवराआवर नाही करत कुणी?" ती हसली. मला हसू आलं नाही. खुर्चीत बसवेना, म्हणून येरझाऱ्या घालत तिला कोपरीची हकीकत सांगितली.

तेव्हा मी ठाण्याला होतो. दुपारी ठाणे अंमलदाराकडे एका बाईचा फोन आला. "माझ्या बाबांना वहिनीनं मारलंय. डोक्याला जखम आहे, फरशी धुतलीय, कपडे बादलीत भिजत घातलेत. लवकर या, न्यायची तयारी चाललीय." ही ठाकुर्लीला दिलेली मुलगी, बातमी कळताच धावत आलेली. आम्ही पोचलो, तर डोक्याची जखम, ओली फरशी, बादली, सगळं तिनं सांगितल्यासारखंच. म्हातारबुवा पलंगावर, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले. अकस्मात मृत्यूची नोंद केली, प्रेत सिव्हिलला पाठवलं आणि महिला हवालदार बरोबर घेऊन सुनेकडे विचारपूस सुरू केली. नवरा कामासाठी बाहेरगावी, कडेवर लहान मुलगी.

"काय झालं?"

"पलंगावरच गेले, साहेब. झोपेत."

"आणि डोक्याची जखम?"

"मोरीपाशी... पाय घसरला."

एका दमात दोन गोष्टी, नजर जमिनीला. गेममधलं ‘खोटं’ बटण दाबलं असतं तर अचूक ठरलं असतं, कारण बाई खोटं बोलतच होती. गेम तिला तिथेच बेड्या घालतो आणि वाजतगाजत पुढची केस सुरू करतो. बाहेर चाळीलाही तेच हवं होतं. "बसवा हिला गाडीत!" कोणीतरी ओरडलं. नणंद तर भाचीला ताब्यात घ्यायला हात पुढे करून उभी होती, आणि पोर आईचा गळा सोडत नव्हती.

मी मात्र अस्वस्थ. खुनाचं नाव निघालं तरी ही बाई एकदाही "मी नाही केलं" म्हणाली नाही. मग पंचांसमक्ष जप्त करायला बादली दाराबाहेर नेऊ लागलो, तशी ताडकन उठली आणि आडवी आली. "नका साहेब! सगळ्यांसमोर नका काढू ते!" हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सापडलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं.

मी पंचांना आत घेतलं आणि दार लावलं. कपडे वर काढले. कॉलरला थोडं रक्त होतं. बाकी लेंगा घाण झालेला होता, जीव जाताना होतो तसा.

"बाबांना खाली पेपर आणायला जायचं तरी इस्त्रीचा शर्ट लागायचा," ती म्हणाली. "मी नळावर गेलेली. आले तर खाली पडलेले, बाजूला स्टूल. माळ्यावरचं काढायला चढले असणार. कोणाला हाक मारायच्या आत संपलं. आता माणसं येणार ना, साहेब? तशात कसं दाखवायचं त्यांना?"

मला रागच आला. बये, तुरुंगात गेली असतीस की!

नळावरच्या दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. धप्पकन आवाज आला तेव्हा ही त्यांच्याबरोबर हंडा भरत होती. आधी का नाही सांगितलं? "पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?" शवविच्छेदनाचा अहवालही पडल्याचाच होता, झटापटीची खूण नव्हती. अकस्मात मृत्यू कागदोपत्री अकस्मात मृत्यूच राहिला.

"हे लिही तुझ्या परीक्षणात," मी शेजारच्या मुलीला म्हटलं. "तुमच्या गेममध्ये कुणाचं तरी नाव घेतल्याशिवाय केस बंदच होत नाही. आमच्याकडे ‘कुणीच मारलं नाही’ हेही उत्तर असतं, आणि त्यासाठीही चपला झिजवाव्या लागतात. खोटं पकडणं सोपं आहे गं. ते कशासाठी बोललं, याचं बटण कुठे आहे?"

"पाचपैकी किती देऊ, काका?"

"तीन दे. ट्राम छान आहे."

"आणि त्या बाईचं पुढे काय झालं?"

निकाल सांगायला मी स्वतः गेलो होतो. नणंदेलाही बोलावून घेतलं होतं. सून म्हणाली, "मला कळलं, साहेब. पण चाळीला कोण सांगणार? तुम्ही मोठ्यानं वाचाल का?" चाळीच्या गॅलरीत उभं राहून मी वाचलं. लोक एकेक करून आपापल्या खोलीत गेले. नणंद तेवढी राहिली. आता भांडेल असं वाटलं, पण तिनं हळूच विचारलं,

"म्हणजे कुणीच नव्हतं? बाबा एकटेच पडले नि एकटेच गेले?"

इतके दिवस तिला आरोपी का हवा होता, ते मला तेव्हा कळलं. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

"एकटे नाही गेले, ताई," सून म्हणाली. "डोकं माझ्या मांडीवर होतं. पाणी पाजलं मी. तुमचं नाव घेत होते."

नणंद उंबऱ्यावरच बसली. सून तिच्या शेजारी टेकली आणि बाबा काय म्हणाले ते सांगू लागली. ‘कोणाला हाक मारायच्या आत संपलं’ हा तिचाच जबाब माझ्या हातातल्या कागदांत होता. मी जिना उतरलो. ते पोलिसांनी ऐकायचं नव्हतं.