ताटलीभोवतीच्या सह्या

काजूच्या कारखान्यात आलेलं टपाल नोंदवणं हे माझं काम. काल काजू सोलणाऱ्या बायका अर्ज घेऊन आल्या. दिवसभर जमिनीवर बसून पाठ धरते, खुर्च्या द्या, एवढंच मागणं. सह्या मात्र गोलात होत्या. ताटली पालथी ठेवून रेघ मारलेली आणि तिच्या कडेनं सगळी नावं. वाचायला कागद फिरवावा लागत होता.

“असं का?” मी विचारलं.

“मागच्या अर्जावर पहिलं नाव माझं होतं,” सुलभाताई म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी मला भट्टीवर पाठवलं. आता शोधू दे त्यांना पहिलं नाव.”

ही भीती म्हणावी की हिंमत, मला कळेना. कागद फिरवता फिरवता लक्षात आलं की मीही पहिलं नावच शोधतोय. साहेबांनी तर अजून विचारलंही नव्हतं. मग कुणासाठी?

“पोच द्या ना, भाऊ.”

त्यांच्या प्रतीवर शिक्का मारला आणि पेन घेऊन अडलो. गोलाच्या आत भरपूर जागा होती. तरी सही केली ती बाहेर, कोपऱ्यात.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. अख्ख्या कागदावर एकटी सही माझीच होती.