शिगेची करवंदं

साताऱ्याहून निघताना माझ्या पिशवीत दोन जड वस्तू होत्या: आईचं पसरट तोंडाचं पितळी माप आणि माझा वजनकाटा. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माणसांपेक्षा काट्यावर माझा विश्वास जास्त. आई जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या वहीत करवंदाच्या मुरंब्याचं प्रमाण एकाच ओळीत आहे: दोन मापं करवंदं, एक माप साखर. मी ते तोलून, ग्रॅममध्ये बसवून दोन उन्हाळे मुरंबा केला. दोन्ही वेळा गोडमिट्ट. बाबा एक चमचा खायचे, "छान झालाय, वर ठेव," म्हणायचे, आणि वरच्या फळीवर गेलेली बरणी पुन्हा खाली यायची नाही. मला ते फार लागायचं. म्हणून यंदा थेट घोडपदेव गाठायचं ठरवलं. आई तिथल्या चाळीत वाढली आणि तिची धाकटी बहीण, सुमनमावशी, अजून तिथेच राहते.

दादरला बसमधून उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. फुलबाजाराच्या कडेला एक बाई टोपलीभर करवंदं घेऊन बसली होती. अर्धी लाल, अर्धी काळी, देठांवर अजून चीक.

"किलोने कशी दिली?"

"किलोने नाय ताई, मापाने. कर्जतवरनं आणलीत, पहाटंच तोडली."

तिने पत्र्याचा डबा भरला, वर ढीग रचला आणि निघता निघता आणखी मूठभर टाकली. बाई मनाने मोठी आहे, एवढंच मला वाटलं.

टॅक्सी परळवरून लालबागला आली. मिरच्या-मसाल्याच्या दुकानांपाशी मी आणि टॅक्सीवाले काका दोघेही शिंकत सुटलो. "मे महिन्यात इथनं काच लावूनच जायचं, मॅडम," ते डोळे पुसत म्हणाले. काच मात्र उघडीच ठेवली.

मावशी गॅलरीतच उभी होती. मी "जय भीम, मावशी," म्हणेपर्यंत तिने पिशवीत हात घालून माप बाहेरही काढलं. "अक्काचं माप!" म्हणाली आणि ते पदराने पुसत राहिली. मग सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, आणि जेवण झाल्या झाल्या कामाला सुरुवात.

चीक चिकटू नये म्हणून हाताला तेल लावून आम्ही करवंदं धुतली. मी माप भरलं आणि वरून पट्टी फिरवली. पाचसहा करवंदं घरंगळत कॉटखाली गेली. काट्यावर तीनशे ग्रॅम आले.

"अगं बाय, फळाला कोण पट्टी फिरवतं?" मावशी हसायलाच लागली.

"मग माप नक्की कसं कळणार?"

"फळ शिगेचं घ्यायचं, साखर सपाट. आमच्या आयेने दोघींना तसंच शिकवलं."

"वहीत तर काहीच लिहिलं नाही!"

"सगळ्यांना ठाऊक असतं ते कशाला लिहील अक्का?"

तिने दोन्ही हातांनी शीग (मापावर राहील तेवढा ढीग) लावून दाखवली. काटा चारशेवर गेला. म्हणजे दोन मापांत मी दोनशे ग्रॅम आंबटपणा कापत होते, तोही पट्टी लावून. दादरच्या बाईने सकाळीच डोळ्यांसमोर शीग लावली होती, तरी मला कळलं नव्हतं. आधी हसू आलं, मग एकदम रडूच.

"रडतेस काय," मावशी म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "कॉटखालची उचल आधी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरणी घेऊन घरी पोचले. आईच्या वहीत त्या ओळीखाली 'शिगेची' एवढंच लिहिलं. ग्रॅम लिहिले नाहीत. काट्यावरचा माझा विश्वास कमी झालेला नाही, पण काय तोलायचं ते आधी कुणीतरी सांगावं लागतं.

बाबांनी चमचा तोंडात घातला. आंबटाने त्यांचा एक डोळा मिटला. दुसरा चमचा घेतला, मग तिसरा.

"बरणी वर ठेवू?" मी विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "इथेच असू दे, हाताशी."