सरपंचाला काठावर ठेवलं तो दिवस

गावच्या आपत्ती पथकात मी समाजसेवेच्या तळमळीनं आले, असं तालुक्याच्या एका कार्यक्रमात तहसीलदार साहेबांनी माइकवरून सांगितलं. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. मी नारळ घेतला आणि गप्प बसले. इतक्या लोकांसमोर साहेबांना खोटं कुठं पाडायचं? खरी गोष्ट अशी आहे की मी पथकात सूड घ्यायला आले.

पथक म्हणजे आम्ही अकरा जण, त्यात बाया दोन. एक रबरी बोट, दोर, शिट्ट्या, नारिंगी जॅकेटं आणि औषधाची पेटी. आमच्या गावातून सिंदेवाहीकडे जायला एकच रस्ता आणि त्या रस्त्यात नाला. पावसाळ्यात नाला पुलावरून वाहायला लागला की गाव तुटतं. मग बाळंतीण असो, साप चावलेला असो नाहीतर रानडुकरानं मांडी फाडलेला असो, त्याला पलीकडे अँब्युलन्सपर्यंत पोचवायचं काम आमचं. पगार नाही, पाणी अंगावर भरपूर. वनखात्यातून रिटायर झालेले एक गार्ड आमचे प्रमुख आहेत. त्यांना आम्ही सगळे नुसतं भाऊ म्हणतो.

माझं कारण होतं सरपंच. त्याचं पद जाऊन दोन निवडणुका झाल्या, तरी गाव त्याला सरपंचच म्हणतं. धानाची जमीन भरपूर, दारात पांढरी जीप. चार वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला गोठ्यात साप चावला. सकाळची वेळ होती, नाला कोरडा, रस्ता मोकळा. दिरानं त्याला पाठीवर घेतलं आणि विहारामागच्या आमच्या वस्तीपासून सरपंचाच्या फाटकापर्यंत आम्ही धावतच गेलो. सरपंच ओसरीत दात घासत होता. म्हणाला, ड्रायव्हर नाही. दीर म्हणाला, मी चालवतो. तर म्हणे, किल्ली ड्रायव्हरजवळ आहे. मग चूळ भरली आणि म्हणाला, गाडीत मेला तर पोलीस माझ्या मागं लागतील. जात काढून तो एक शब्द बोलला नाही, तेवढा तो हुशार आहे. आत या म्हणाला नाही आणि जा असंही म्हणाला नाही. उभं राहिलं तर देईल, या आशेवर आम्ही फाटक धरून उभे राहिलो. ती आमची चूक. शेवटी नवऱ्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेलं, आणि तो वाटेतच गेला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायचं होतं. तो अर्धा तास कुठं गेला ते मला ठाऊक होतं.

गाव म्हणालं, झालं गेलं विसर. मी विसरणारी बाई नाही. साप डूख धरतो असं लोक म्हणतात. पथकाच्या प्रशिक्षणात सांगितलं की सापाला तेवढी अक्कलच नसते, त्याला कालचं काही आठवत नाही. डूख माणूस धरतो. मी धरला होता.

पुढच्या वर्षी पथक निघालं तेव्हा पहिलं नाव मी दिलं. माझा विचार सरळ होता. सरपंचाची जीप भरल्या नाल्यातून जाणार नाही. कधीतरी त्याला आमची बोट लागेल आणि त्या दिवशी जॅकेट घालून मी तिथं असेन. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण असायचं नक्की ठरलं होतं. दोन पावसाळे मी वाट पाहिली. मधल्या काळात काम मात्र चोख केलं. एक बाई तर माझ्या मांडीवर, बोटीतच बाळंत झाली.

मागच्या वर्षी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात असताना फोन आला. सकाळचे दहा वाजले असतील. नाला पहाटेपासून पुलावरून वाहत होता. सरपंचाच्या बांधीत, धानाच्या शेतात, साप चावला, एवढंच कळलं. मशीनवरचं ब्लाउज सुईखाली तसंच सोडून मी पळाले. खोटं कशाला बोलू, मनात पहिलं हेच आलं की त्यालाच चावला असेल, आणि पाय हलके झाले.

चावला होता त्याच्या बायकोला. मजूर बायांसाठी चहा घेऊन ती बांधीवर गेली होती. जाता जाता पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, पेंडी उचलून द्यायला वाकली, तर खाली घोणस. उजव्या हाताला, मनगटाच्या वर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तिला नाल्यावर आणली होती. सरपंच शेजारी अनवाणी उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल. मला पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यालाही विसर पडलेला नव्हता तर.

हाताला सूज चढत होती. अशा वेळी अंगठ्या, बांगड्या आधी काढायच्या, नाहीतर सुजलेल्या हाताला त्या फास होतात. तिच्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या. साबण लावून चार निघाल्या, बाकीच्या अडकल्या. मी फडकं गुंडाळून त्या फोडायला घेतल्या, तसा सरपंच पुढं आला.

"बांगड्या नोको फोडू व. मी जित्ता आहो ना अजून."

माझ्या बांगड्या कोणामुळे गेल्या ते मी बोलले नाही. एकेक बांगडी फोडली. हात शिकवल्याप्रमाणेच चालवला, तिला काच लागू दिली नाही, पण कडकन आवाज आला की दर वेळी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मला बरं वाटलं. कुणाला हे वाचून वाईट वाटत असेल तर वाटो.

बोटीत चौघं मावतात. दोघं वल्ह्यावर, एक पेशंट आणि एक सोबतीला. सरपंचानं बोटीत पाय टाकला.

"भाऊ, पेशंटसंग पथकाचंच माणूस जाते," मी म्हणाले. "नियम आहे."

"मी नवरा आहो तिचा."

"म्हणूनच सांगून राह्यली. तुमी इथीच थांबा. फोन येईन तुमाले."

नियम होता. पण तो आम्ही दर वेळी पाळत नव्हतो, घरचं माणूस हट्टाला पेटलं की भाऊ त्यालाच पाठवायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, माझ्या नवऱ्याच्या मयतीला ते खांदा द्यायला होते. त्यांनी सरपंचाच्या दंडाला धरून त्याला बोटीतून उतरवलं.

आम्ही पलीकडे लागलो आणि पाणी आणखी चढलं. गावाच्या काठावर थांबलेल्या भाऊंनी बोट बंद केली. आता उतार पडेपर्यंत सरपंचाला नाला ओलांडता येणार नव्हता. आम्ही निघेपर्यंत गावातली वीज गेली होती, टॉवर बंद. काठावरच्या मोहाच्या झाडाखाली तेवढं पलीकडच्या टॉवरचं नेटवर्क लागायचं. म्हणजे बायकोची खबर हवी असेल तर त्याला पावसात त्या झाडाखालीच उभं राहावं लागणार होतं.

सुडापायी मी तिचं एक मिनिटही वाया घालवलं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय आणि ते खरं आहे. अँब्युलन्समध्ये तिचा हात हलू दिला नाही, झोपू दिलं नाही, साप चावल्याची वेळ डॉक्टरांना बरोबर सांगितली. दवाखान्यात लगेच इंजेक्शनं सुरू झाली. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. सरपंचाचे फोन येत होते, मी उचलत नव्हते, कारण सांगण्यासारखं खरोखर काही नव्हतं. दुपारपर्यंत ती जगेल असं मलाही वाटत नव्हतं.

साडेचारला डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. म्हणाले, आता गोठतंय, धोका टळला. मी बाहेर आले. फोन हातात होता. आणि तेव्हा मला कळलं की मी तीन वर्षं कशाची वाट पाहत होते. त्याला मारायचं नव्हतं, त्याच्या बायकोलाही नाही. त्यानं नुसतं उभं राहायला हवं होतं, कोणीतरी हो म्हणेल म्हणून, जसे आम्ही राहिलो.

फोन वाजला. मी वाजू दिला. दवाखान्यासमोरच्या टपरीवर दोन समोसे खाल्ले. अन्न इतकं गोड कित्येक दिवसांत लागलं नव्हतं. मग भाऊंचा फोन आला. सरपंच सकाळपासून जेवला नाही, मोहाखालून हलत नाही, काय सांगू त्याला, असं विचारत होते. मी म्हणाले, डॉक्टर पाहून राह्यले. तेही खोटं नव्हतं. डॉक्टर पाहतच होते, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला.

सरपंच रडत होता असंही भाऊ म्हणाले होते, ते मी आधी कानाआड टाकलं होतं. साडेपाचच्या सुमाराला मात्र ते आठवायला लागलं. दिराच्या पाठीवर मान टाकलेला माझा नवरा आठवला आणि त्या जागी सरपंच दिसायला लागला, याचा मला फार राग आला. माझ्या माणसाची जागा त्यानं का घ्यावी? एवढ्यासाठी तरी फोन करून मोकळं व्हावं असं ठरवलं, आणि त्याआधी तिला एकदा पाहावं म्हणून मी आत गेले.

ती जागी झाली होती. ओठ सुकलेले. मी चमच्यानं पाणी दिलं.

"त्याइले सांगतलं?" तिनं विचारलं.

मला लाज वाटली. नाही म्हणाले. आता लावते, असं म्हणून फोन काढला, तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात बांगड्या होत्या.

"माहा बाप मरून राह्यला होता," ती हळूच बोलत होती, दोन शब्दांत थांबत. "मी ओसरीत थैली घेऊन उभी. गाडी दारात. मले म्हणे, रोवणा झाल्यावर जाजो. मी गेली तवा राखड बी सावडून झाली होती."

एवढ्या मोठ्या घरातल्या बाईला जीपसाठी थांबावं लागत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

हातातला फोन वाजायला लागला. तिनं तो माझ्याकडून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन नंबर नीट पाहिला आणि वाजत होता तसाच उशीखाली ठेवून दिला.