गोड पाण्याचा दलाल

छगनभाई कुठल्याही घरात शिरला की बसायच्या आधी पाणी मागायचा. तांब्या तोंडाला न लावता वरून घटाघटा ओतायचा, मिशा पुसायचा आणि शेजारच्या घरातही ऐकू जाईल असं म्हणायचा, "वा! मीठुं पानी!" मीठुं म्हणजे गुजरातीत गोड. पाणी खारं असो, गढूळ असो, ह्याचं आपलं एकच. सिल्वासाच्या आमली भागातली कितीतरी घरं त्यानं अशीच विकली. घरांचा दलाल होता आणि एक नंबरचा लबाड होता. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी बोलावं.

सिल्वासात कारखाने येऊ लागले तेव्हा मी धुळ्याकडून इथं सुताच्या कारखान्यात लागलो. दोन वर्षं भाड्याच्या खोलीत काढून घर बघायला निघालो, तर हा भेटला. पांढरा लेंगा आणि काखेत छत्री, ऊन असो वा नसो. दोन खोल्या, मोरी आणि मागं बोअर असलेलं घर त्यानं दाखवलं. ओट्यावर माठ भरून ठेवलेला. "भाभी, पहिलं पानी प्या, मंग भिंती बघा," म्हणाला. माझी बायको सुमन प्यायली आणि माझ्या कानाशी लागली, "पानी गोड शे. घेऊन टाका." घेतलं.

राहायला आलो त्या दिवशी तिनं तुरीची डाळ चढवली. दोन तास झाले तरी दाणे खड्यासारखे. "दाय शिजस नही हो," ती म्हणाली. आमच्याकडं डाळीला दाय म्हणतात. बोअरचं पाणी जड होतं. माठातलं पाणी छगनभाईनं अथाल गावातल्या आपल्या घरच्या विहिरीवरून आणून भरलेलं. मी भांडायला गेलो तर निर्लज्ज हसला. "भाऊ, मी भिंती विकल्या. पानी तर पाहुणचार होता."

तेव्हापासून सुमन दोन गल्ल्या पलीकडच्या हातपंपावरून पाणी आणू लागली. सकाळी दोन हंडे, संध्याकाळी एक. तेरा वर्षं. मी रोज मऊ वरण खाल्लं आणि रोज छगनला शिव्या दिल्या.

सुमन तापाचं निमित्त होऊन गेली. घरात मन लागेना, मुलीनं नाशिकला बोलावलं. घर विकायचं तर जाणार कुणाकडं? गेलो त्याच्याकडंच. तो आला, पाणी मागितलं. मी मुद्दाम बोअरचं दिलं. पापणी न हलवता म्हणाला, "वा! मीठुं पानी!" अशा माणसाला लाजवणार तरी कसं?

मग त्यानं घर नटवायला घेतलं. ओल आलेल्या भिंतीला चुना मारला, तडा गेला होता तिथं देवीचं कॅलेंडर लावलं. तोटीवरचे पांढरे थर ॲसिडनं घासून काढले. सुमनच्या फोटोसमोर थांबला. "हा उतरवा. हारवाला फोटो बघून बाईमाणूस बिचकते."

"तिला कुठं ठेवू?"

"कपाटात. एक तासाचं काम आहे. आणि तुम्ही तोंड उघडायचं नाही. मालिक बोलला के सौदा मेला."

मी फोटो उतरवला. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

त्या दिवशी सकाळी तो कॅन घेऊन आला आणि सुमनचा माठ अथालच्या पाण्यानं भरला. मागोमाग पालघरकडचं एक जोडपं आलं. नवरा प्लास्टिकच्या कारखान्यात, बायको कोवळी पोर. ती पाणी प्यायली आणि तिचा चेहरा फुलला. मला विचारलं, "आजोबा, ह्यात डाळ शिजते ना? आमच्या खोलीवर अजिबात शिजत नाही."

"लोण्यावानी, बेन!" छगन म्हणाला.

"नाही शिजत," मी म्हणालो. "हे पाणी ह्याच्या विहिरीचं. इथलं जड आहे. माझी बायको तेरा वर्षं दोन गल्ल्यांवरून हंडे वाहत होती. ती कपाटात आहे, बघायची असेल तर."

पोर घाबरली. दोघं निघून गेली.

वाटलं, छगन आता छत्री हाणतो. पण तो उंबऱ्यावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "तेरा वरस मला शिव्या दिल्या ना, भाऊ? मी तर एक दिवस का होईना, भाभीला गोड पानी भरून दिलं. तुम्ही किती दिवस भरलं?"

जन्मात पहिल्यांदा तो माणूस खरं बोलला आणि तेही माझ्यावर उलटून.

तिसऱ्या दिवशी ती पोर नवऱ्याला घेऊन परत आली. "आजोबा, हंडा द्या आणि पंप दाखवा." हंडा तिनं नवऱ्याच्या खांद्यावर दिला. त्यानं येताना निम्मं पाणी अंगावर सांडलं, पण आणलं. "घेऊ घर," ती म्हणाली. "पाणी हे भरतील." छगन गावभर सांगत सुटला, "बघा, माझं गिऱ्हाईक!"

किल्ली द्यायच्या दिवशी मी हंडा घेऊन पंपावर गेलो. बाया बाजूला झाल्या. एक म्हातारी म्हणाली, "आज कसे काय रस्ता चुकले?" मी खाली मान घालून पंप मारला. दोन खेपांत कंबर धरली. माठ भरून ठेवला आणि फोटो काखेत घेतला.

छगन आला, सवयीनं पाणी प्यायला. "वा!" म्हणाला आणि थांबला. "कुठलं हे?"

"पंपावरचं. मी आणलं."

त्यानं मिशा पुसल्या. "मीठुं छे," अगदी हळू म्हणाला, मलाच ऐकू येईल एवढं.

पुढं तो गेल्याचं नाशिकला कळलं. मी रडलो नाही. मुलीच्या घरी पिण्याचं पाणी मीच भरतो. ती म्हणते, "अण्णा, राहू द्या." मी ऐकत नाही. नळ स्वयंपाकघरातच आहे, चार पावलांवर.